बाबांचं पाचवं शील

१२ जानेवारी २०२५

ताई, जयभीम.

हा कागद वैशाली मॅडमचा, पेनही त्यांचंच. लिहून झालं की दोन्ही परत द्यायचं. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा झाला. या व्यसनमुक्ती केंद्रात नव्वद दिवस फोन नाही, भेट नाही, फक्त पत्र. येणारं पत्र मॅडम आधी वाचतात, तेव्हा मला शिव्या द्यायच्या असतील तर जरा बेतानं दे. दहावीच्या मराठीच्या पेपरानंतर मी आजच पत्र लिहितोय. तिथे निदान खाली अ. ब. क. लिहिलं की सुटका व्हायची.

पहिले सहा-सात दिवस कसे गेले ते लिहीत नाही. अंग तुटत होतं, पोटात काही ठरत नव्हतं. आता पेज जाते. गणेशपुरीच्या या बाजूला थंडी भिवंडीपेक्षा जास्त आहे, आणि लूमचा खडखडाट नसल्यानं कान रिकामे वाटतात.

काल इथे भांडण झालं. शिकवायला येणारे सर म्हणाले, नशा हा आजच्या जमान्याचा रोग आहे. आमच्यात कोन गावचा राघो आहे, ट्रक चालवायचा, दारूपायी आलाय. तो उठून म्हणाला, "सर, काय बोलताव? आमच्या गावान आज्याच्या आज्यापासून ताडी हाय. देवाला बी लागते." अर्धे सरांच्या बाजूनं, अर्धे राघोच्या. मी सांगून टाकलं, माझी ताई कॉलेजात इतिहास शिकवते, तिला विचारतो. तेव्हा लिही, खरं कोण?

बाबा कसे आहेत? दुखणं कसं आहे? माझ्याबद्दल काही बोलले का? नको, ते विचारू नकोस. ते कसे आहेत एवढंच लिही.

मिथुन


२० जानेवारी २०२५

मिथुन,

तुझं अक्षर पाहून मला तुझे पेपर तपासणाऱ्या मास्तरांची दया आली. तरी पत्र तीनदा वाचलं.

राघोला सांग, तो जिंकला. पण सरही अगदीच हरलेले नाहीत. माणूस लिहायला शिकला त्याच्या कितीतरी आधी आंबवून प्यायला शिकला. वेदांत सोमरस आहे, आणि सोम म्हणजे नेमकी कुठली वनस्पती यावर विद्वान अजून भांडतात, तुमच्यासारखेच. भांग जुनी, ताडी जुनी, मोह जुना. आपल्या ठाणे जिल्ह्यात तर इंग्रजांनी मोहाची फुलं वेचायलासुद्धा बंदी घातली होती. लोकांनी घरचीच गाळली तर सरकारी दारूवरचा कर कोण भरणार? तंबाखू मात्र उशिरा आला, पोर्तुगीजांबरोबर. चार-पाचशे वर्षं झाली, अजून गेला नाही.

सरांचं खरं कुठे आहे, सांगते. पूर्वी नशेला वेळ होती, जागा होती. सण, लग्न, मयत. चार माणसांत प्यायचं आणि चार माणसांनी घरी पोचवायचं. मग कारखाने आले, बारा तासांची शिफ्ट आली आणि माणूस एकटा थकायला लागला. नशा मग थकवा मारायच्या कामाला जुंपली गेली. पण हा धडा तू मला शिकवायला हवास, मी तुला नव्हे. खोकल्याचं औषध खोकला नसताना पिऊन तू लूमशेजारी पडलास, तेव्हा तुझ्या शेठने मला कॉलेजात फोन केला होता. मी वर्गात होते.

बाबा बरे आहेत. हाडांत उतरलेला कॅन्सर असताना माणूस जेवढा बरा असू शकतो तेवढे. आणि एक चांगली बातमी आहे. तू गेल्यापासून ते मॉर्फिनच्या गोळ्या टाकत नाहीत! त्या दोन महिन्यांत त्यांनी काय छळ मांडला होता ते तू पाहिलंस. सकाळची गोळी माझ्यासमोर घ्यायचे. मी कॉलेजला गेले की दुपारची आणि संध्याकाळची मोरीत. वर कळवळत पडायचे. विचारलं की एकच, "पाचवं शील हाय माझं. नशा करनार न्हाय." चाळीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते, एक घोट दारू नाही, बिडी नाही, हे मान्य. पण डॉक्टरांनी दिलेलं औषध म्हणजे नशा? शेवटी मी विहारातल्या भंतेजींना घरी आणलं. त्यांनी नीट समजावलं की दुखण्यावरच्या औषधानं शील मोडत नाही. बाबांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोरी! तेव्हा मी सगळ्या चाळीदेखत त्यांना अडाणी म्हणाले. तू दाराशीच उभा होतास, मान खाली घालून.

आता दुपारची आणि संध्याकाळची शेजारची मेघाली देते. तिच्यासमोर निमूट गिळतात आणि झोपही लागते. भंतेजींचं बोलणं उशिरा का होईना डोक्यात शिरलेलं दिसतं. माझ्या वर्गातही काहींना दोन महिने लागतात.

रोज विचारतात, "पोऱ्याचं पत्र आलं का?" आलं म्हटलं की पुढे काही विचारत नाहीत.

धम्मदिना


२ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझं पत्र मॅडमनी सगळ्यांसमोर वाचायला लावलं. घरचं सोडून, फक्त इतिहासाचं. राघो दोन दिवस छाती काढून फिरत होता. मग तोच म्हणाला, "जुनी हाय म्हनून काय चांगली झाली? माझी बायको पन जुनीच हाय, ती गेली ना सोरून." त्यावर कुणी हसलं नाही.

ताई, बाबा मी गेल्यापासून गोळ्या घेतात असं तू लिहिलंस. नक्की त्याच दिवसापासून का? आणि आधी मोरीत टाकायचे ते तू स्वतः कधी पाहिलंस? सहज विचारतोय.

मॅडम म्हणाल्या की मॉर्फिन अफूपासूनच करतात. पुढच्या पत्रात अफूचं लिही. सगळं लिही, वाईट असेल तेही.

मी जेवतो. चार किलो वाढलो. बाबांना सांग.

मिथुन


११ फेब्रुवारी २०२५

मिथुन,

नाही, मी पाहिलं नाही. पोलिसात लागलास का तू? बाबाच म्हणायचे, टाकली. गोळ्या कमी होत होत्या आणि दुखणं कमी होत नव्हतं, मग दुसरं काय असणार?

अफूचं लिहिते. खसखशीच्या बोंडाला चीर दिली की चीक येतो, तो वाळला की अफू. हजारो वर्षांपासून वैद्य-हकिमांच्या बटव्यात आहे. जुलाबावर, खोकल्यावर, दुखण्यावर. इंग्रजांना त्यात वेगळीच गोष्ट दिसली. माळव्यातली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या कितीतरी मोठ्या इमारतींच्या पायात ती अफू आहे. तिथे एक अख्खा देश गुंगीत पडला आणि इथे रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहिले. दोनशे वर्षांपूर्वी एका जर्मन औषधवाल्यानं अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. तेव्हापासून शस्त्रक्रिया झालेला, भाजलेला, मरणाच्या दारातला माणूस जरा शांतपणे पडू शकतो. एकाच बोंडातून हे दोन्ही आलं. वर्गात मी इथे थांबते आणि मुलांना विचारते, मग अफू चांगली की वाईट? मुलं घंटेची वाट पाहतात.

वाईट असेल तेही लिही म्हणालास, म्हणून हे. गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी चाटवायच्या. पाळी संपेपर्यंत पोर झोपून राहायचं. काही पोरं उठायचीच नाहीत. मी हे पुस्तकात वाचलं होतं. काल बाबांना सांगितलं तर म्हणाले, "आयनं मला पन दिलेली. वज्रेश्वरीला भातलावनीला जायाची, मला बांधावर निजवून." मी विचारलं, राग नाही आला आजीचा? म्हणाले, "राग कसला? तिला काम होतं."

ते आता फार बोलत नाहीत. जेवण अर्ध्यावर आलं आहे. पण दुखत नाही म्हणतात, आणि चेहऱ्यावरून ते खरं वाटतं. तुझे चार किलो सांगितले. म्हणाले, "आजून वाढव म्हनावं."

धम्मदिना


२२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वैशाली मॅडम यांस,

फोनवर तुम्ही म्हणालात तसं करते आहे. बाबा, म्हणजे वाल्मीक, एकोणीस तारखेला सकाळी गेले. झोपेतच गेले, दुखलं नाही. मिथुनला बोलावून घ्यायचा विचार होता, पण तुम्ही म्हणालात की पन्नासही दिवस झालेले नाहीत, भिवंडीत पाय ठेवला की तो तुमच्या हातून जाईल आणि माझ्याही. निदान महिनाभर थांबा म्हणालात. मला वाद घालायचं बळ नव्हतं. अग्नी मी दिला. मुलगा कुठे आहे असं सगळे विचारत होते, मी म्हटलं, बाहेरगावी आहे.

सोबत मिथुनचं पत्र आहे. त्यात बाबा जिवंत आहेत. त्याला द्या.

आपली,
धम्मदिना


२२ फेब्रुवारी २०२५

मिथुन,

या वेळी चहाचं लिहिते, कारण तो तरी तुम्हाला तिथे मिळतो. शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे चहा पिणं म्हणजे व्यसन समजत. घरातली वडीलधारी माणसं नव्या सुनेला विचारत, चहा पीत नाहीस ना? चहाच्या कंपन्यांनी मग स्टेशनांवर फुकट चहा वाटला, गिरण्यांत वाटला. आज चहा नको म्हणणाऱ्या माणसाकडे आपण संशयानं पाहतो. म्हणजे कशाला नशा म्हणायचं हेही काळ ठरवतो. आणखीही लिहिण्यासारखं आहे, पण परीक्षा जवळ आल्या आहेत.

बाबा बरे आहेत. झोपून असतात. तुला नीट राहा म्हणाले आहेत.

धम्मदिना


५ मार्च २०२५

ताई, खालचं पत्र बाबांसाठी आहे. त्यांच्या कॉटजवळ बसून मोठ्यानं वाच. आधी एकटीनं वाचू नकोस आणि मध्ये थांबू नकोस. वैशाली मॅडमना मी सांगितलंय की हे पाठवणारच. त्या आधी थांब म्हणाल्या, मग पाठव म्हणाल्या.

बाबा, जयभीम.

तुमच्या गोळ्या मी घेत होतो.

नोव्हेंबरपासून. सिरप पुरेना झालं होतं. पहिली एकच घेतली, बघू म्हणून. मग रोज. दुपारी आणि संध्याकाळी तुमच्या हातावर मी तापाची साधी गोळी ठेवायचो, तीही पांढरीच असते. तुम्ही ती बघायचात, माझ्याकडे बघायचात आणि पाण्याबरोबर गिळायचात. मला वाटायचं, तुम्हाला कळत नाही.

मग ताईनं तुम्हाला विचारलं की गोळ्या संपतायत तरी दुखतं कसं? तुम्ही म्हणालात, मोरीत टाकतो, पाचवं शील आहे. मी दाराशी होतो. तेव्हा मला कळलं की तुम्हाला कळलंय. त्या संध्याकाळी मी थांबायला हवं होतं. त्या संध्याकाळी मी दोन घेतल्या.

भंतेजी आले त्या दिवशीही मी थांबलो नाही. ताई तुम्हाला अडाणी म्हणाली, सगळे ऐकत होते, तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. मी शिफ्टला निघून गेलो. एकदा तुम्ही उशी दातात धरली होती. ते मला रोज दिसतं. इथे डोकं साफ झालंय, म्हणून जास्तच दिसतं.

माफ करा असं म्हणायला तोंड नाही. मला शिव्या द्या. तुम्ही आम्हाला कधी दिल्या नाहीत, आता द्या. काय म्हणाल ते ताई लिहून पाठवेल. एक वाक्य चालेल.

तुमचा,
मिथुन


२१ मार्च २०२५

मिथुन,

हे पत्र वैशाली मॅडम तुझ्याजवळ बसून तुला देतील, असं आमचं ठरलं आहे. तेव्हा त्या बसल्या आहेत का बघ, आणि मग पुढे वाच.

बाबा गेले. एकोणीस फेब्रुवारीला. तुझं पत्र आलं तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे होत आले होते. चहाचं पत्र लिहिलं तेव्हा घरात कॉटही नव्हती, आणि मी लिहिलं, झोपून असतात. तुझ्या भल्यासाठी, असं मॅडम म्हणाल्या, मीही म्हणाले. पण खरं सांगायचं तर मी तुला बाळगोळीच चाटवली. तू तिथे शांत पडून राहावंस आणि मला इथलं सगळं उरकता यावं.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. तू म्हणाला होतास म्हणून. जिथे कॉट होती तिथे खाली बसून वाचलं आणि मध्ये थांबले नाही.

त्यानंतर आठ दिवस मी तुला काहीही लिहू शकले नाही. मला तुझा राग आला आहे, मिथुन. तो जाईल असं मी आज लिहीत नाही. पण त्याच्याहून जास्त मला माझं वाईट वाटतं. मी इतिहासाची बाई. पुरावा नसेल तर विश्वास ठेवू नका, असं मुलांना वीस वर्षं सांगत आले. आणि घरात बाप सांगतो शीलासाठी गोळ्या टाकल्या, तर मी एकदाही मोरीत वाकून पाहिलं नाही. आपल्या बाबांना ते शोभतं असं वाटलं, म्हणून खरं मानलं.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांचे पाय चेपत होते. सहज म्हणाले, "बघा, पहिल्यापासून ऐकलं असतंत तर एवढं सोसावं लागलं नसतं." बाबा म्हणाले, "व्हय गं. चुकलंच माझं."

हे त्यांचे माझ्याशी शेवटचे शब्द. तेव्हा मला बरं वाटलं होतं. वाटलं, अखेर पटलं यांना.

जलदान विधीला विहार भरला होता. नामाकाका बोलायला उभे राहिले. बाबांबरोबर पाणीखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, रडतच बोलला. म्हणाले, "हाडं कुरतडली जात व्हती, पन वाल्मीकनं पाचवं शील मोडलं न्हाय. पोराबाळांनी शिकावं." सगळ्यांनी साधू साधू म्हटलं. मीही म्हटलं. आता ती गोष्ट चाळीत सगळीकडे झाली आहे. कुणाच्या पोरानं गुटखा खाल्ला की आई त्याला बाबांचं उदाहरण देते.

आणि मला आता माहीत आहे की बाबांनी पाचव्याचं नाव सांगून चौथं मोडलं. खोटं बोलणार नाही, हे चौथं. आयुष्यभर कुणाशी खोटं न बोललेला माणूस दोन महिने माझ्याशी रोज खोटं बोलला, भंतेजींसमोर हात जोडून बोलला, तुझं नाव कुणाच्या तोंडी येऊ नये म्हणून. हे मी नामाकाकांना सांगू का? सांगितलं तर बाबांनी जे झाकलं ते उघडं पडेल. नाही सांगितलं तर मी रोज चौथं मोडते आहे. मला समजत नाही.

तू एक वाक्य मागितलंस. ते मी बनवून लिहू शकले असते, गेल्या महिन्यात लिहिलंच होतं. पण नाही. बाबा तुझ्याबद्दल शेवटी काही बोलले नाहीत. पत्र आलं का, एवढंच विचारायचे.

चार एप्रिलला तुझे नव्वद दिवस भरतात. मी घ्यायला येईन. रागानेच येईन, पण येईन.

धम्मदिना


२९ मार्च २०२५

ताई,

मॅडम बसल्या होत्या. राघोही बाहेर उभा होता, का ते माहीत नाही.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. बाबांच्या नावानं एखादं गोड वाक्य पाठवलं असतंस तर मला ते खोटं आहे हे कळलं असतं, आणि तरी मी ते रोज वाचलं असतं.

नामाकाकांना तू काही सांगू नकोस. ते ओझं तुझं नाही. विहारात उभं राहून ते मला सांगायचंय. पण आज मी ते सांगेन असं लिहिलं तर ते नुसतं लिहिणं होईल. माझी अजून तेवढी तयारी झालेली नाही, आणि ते मला कसं कळलं तेच तुला सांगायचंय. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ताईला लिही.

तू लिहिलंस, बाबा गेले. ते दोन शब्द मी वाचले आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं माहीत आहे? बाबा नाही आले. उशी नाही आली. महिन्याच्या मध्यावर गेले, म्हणजे त्यांच्या गोळ्या घरात उरल्या असतील, हे आलं. कुठल्या फळीवर, कुठल्या डब्यात, ते सगळं दिसलं. रडू त्याच्यानंतर आलं. खूप आलं, पण नंतर आलं.

त्या गोळ्या दवाखान्यात परत देऊन ये. किती होत्या ते मला लिहू नकोस. मी इथे आणखी तीन महिने मागून घेतलेत. चार तारखेला मला न्यायला येऊ नकोस.

मिथुन